नवी रीड मुरवण्याबद्दल : आपल्या आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार. क्लॅरिनेटची नवी रीड (माउथपीसला, म्हणजे तोंडात धरायच्या भागाला, बांधलेली, फुंकल्यावर थरथरणारी पातळ पट्टी) आठवडाभर थोडी थोडी वाजवून मुरवावी हे माझे म्हणणे निव्वळ सोवळेओवळे आहे, आपले वडील लग्नाच्या बँडमध्ये रीड खोक्यातून काढून, जिभेवर ओली करून तशीच तीन तास वाजवीत, आणि अंगठ्याने घासल्यावर रीडची छिद्रे बुजतात या विधानाला काहीही आधार नाही, असे आपण लिहिले आहे.

शेवटचा मुद्दा मला मान्य आहे. आपला आक्षेप वाचल्यावर मी महिनाभर वापरलेली, घासून गुळगुळीत केलेली एक रीड भिजवली आणि जाड टोकाला ओठ लावून जोरात फुंकली, तेव्हा तासलेल्या भागावर बारीक बुडबुडे आलेच. रीड ज्यापासून बनते त्या अरुंडो डोनॅक्स या वेळूसारख्या गवताच्या दांड्यात पाणी वाहून नेणाऱ्या उभ्या नळ्या असतात, आणि त्या अंगठ्याला दाद देत नाहीत. ते वाक्य मी मागे घेतो.

मुरवण्याचा आग्रह मात्र सोडवत नाही, कारण रीड किती टिकते यापेक्षा ती मऊ करण्यासाठी कधी तासावी हा माझ्यापुढचा प्रश्न आहे. रीड भिजली की फुगते, वाळली की आकसते, आणि सुरुवातीच्या दिवसांत ती दर वेळी पूर्वीच्याच आकारावर येईल असे नाही. नवी रीड दोन मिनिटे पाण्यात ठेवून, पाच मिनिटे वाजवून वाळू द्यावी आणि दुसऱ्या दिवशी सपाट बाजू खाली करून काचेवर ठेवून तिच्या दोन्ही कडा आळीपाळीने दाबाव्यात. काल काचेला चिकटून बसलेली रीड पुष्कळदा डुगडुगते. अशी रीड माउथपीसवर नीट बसत नाही, हवा निसटते आणि सूर फुसफुसतो. हे न कळल्यामुळे पहिल्याच दिवशी ‘कडक आहे’ म्हणून मी कितीतरी रीड तासल्या, आणि आठवड्याने त्या इतक्या मऊ पडल्या की वरच्या सप्तकात सूर उतरू लागला. पातळ टोकाशी रीड जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असते. खरवडलेले परत चिकटवता येत नाही!

वडिलांची पद्धत त्यांच्या कामाला योग्यच होती. वरातीत मोठा आवाज हवा असतो, रीड हंगामात खर्ची पडणारच असते, आणि तासत बसायला कोणाला सवड असते? सर्वांना एकच नियम सांगितला, ही माझी चूक झाली. मुंबईच्या पावसाळ्यात तर माझाही नियम कोलमडतो, कारण रात्रभरात रीड वाळत नाही आणि बंद डबीत तिला बुरशी धरते. म्हणून मी चार रीड आलटून पालटून वापरतो. आपले वडील पावसाळ्यात रीड कशा वाळवीत, हे आठवत असल्यास जरूर कळवावे.