बेदाणा थांबत नाही

माझे थोरले चुलतभाऊ सांगलीजवळ, तासगाव रस्त्यावर, बेदाण्यासाठी शीतगृह बांधायला निघाले आहेत आणि गेले दोन महिने दर रविवारी फोनवर आमचा एकच वाद चालतो. दादांना चार खोल्यांचे शीतगृह फेब्रुवारीअखेर तयार हवे आहे. ते सर्वांत कमी दराच्या ठेकेदाराकडून हवे आहे. आणि कामात कसर राहता कामा नये. मी शंका काढली की उत्तर ठरलेले असते : ‘तुमच्या जर्मनीत सगळं वेळेवर होतं, मग इथंच का होऊ नये?’

जर्मनीत सगळे वेळेवर होत नाही. बर्लिनचा नवा विमानतळ जून 2012 मध्ये सुरू व्हायचा होता. आग लागल्यास धूर बाहेर काढणारी यंत्रणा सिद्ध नसल्याने ते उद्घाटन महिनाही उरला नसताना रद्द झाले आणि विमानतळ उघडला तो 31 ऑक्टोबर 2020 रोजी. खर्च तोवर मूळ अंदाजाच्या दुपटीच्याही पुढे गेला होता. बांधकाम चालू असतानाच आराखडा बदलत आणि वाढवत नेणे, हे त्यामागचे एक मोठे कारण. (मी स्टुटगार्टला राहतो, इथल्या भूमिगत रेल्वेस्थानकाविषयी न बोललेलेच बरे.)

तेव्हा प्रश्न देशाचा नाही. वेळ, दर्जा आणि खर्च यांपैकी माघार कोणी घ्यायची, हे पाया खणण्यापूर्वी ठरले आहे की नाही, याचा आहे. दादांच्या बाबतीत तारीख द्राक्षबागांनी ठरवलेली आहे. रॅकवरचा बेदाणा वाळला की तो ठेकेदारासाठी थांबत नाही. दर्जाची गोष्ट अधिक नाजूक आहे, कारण शीतगृहातला खरा दर्जा भिंतीआड असतो. पॅनेलचे सांधे नीट बंद झाले नाहीत, तर बाहेरची दमट हवा आत शिरते, थंडी टिकत नाही, कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो आणि ठेकेदाराच्या दरात वाचवलेले पैसे पुढे वर्षानुवर्षे वीजबिलातून जात राहतात. दुप्पट माणसे लावूनही काँक्रीटवर पाणी मारण्याचे दिवस कमी होत नाहीत. साध्या सिमेंटला किमान 7 आणि मिश्र सिमेंटला 10 दिवस द्यावेच लागतात.

म्हणून माझे म्हणणे असे की, कमी करायचे असेल तर कामच कमी करावे : पाया आणि यंत्रघराची जागा चार खोल्यांच्या हिशेबाने धरावी, पण यंदा दोनच खोल्या उभ्या कराव्यात. उरलेल्या खोल्या पुढच्या वर्षी महाग पडतील, हे मला मान्य आहे.

दादांनी अजून होकार दिलेला नाही. खोल्या दोनच झाल्या तर कोणाचा माल परत पाठवायचा, हा प्रश्न येतो, आणि भावकीला नाही म्हणायला मी तिथे नसतो, हे त्यांचे बोलणे खोटे नाही. मात्र परवा त्यांनी ठेकेदाराकडून दोन खोल्यांचे वेगळे दरपत्रक मागवले आहे.