सरकारी खर्चाने होणारी निवडणूक पक्षाच्या घरची कशी?

फिलाडेल्फियाचा महापौर नोव्हेंबरमध्ये निवडला जातो, असं कागदावर आहे. प्रत्यक्षात तो मे महिन्यातच ठरतो. या शहराचा शेवटचा रिपब्लिकन महापौर 1952 च्या जानेवारीत पायउतार झाला. तेव्हापासून डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारं मेमधलं मतदान, जो जिंकेल तोच सिटी हॉलमध्ये बसतो. 2023 मध्ये शेरेल पार्कर साधारण 33 टक्के मतांवर ती प्रायमरी जिंकल्या आणि नोव्हेंबरचं मतदान केवळ उपचार उरलं.

फिलाडेल्फिया ज्या राज्यात आहे त्या पेनसिल्व्हेनियातली प्रायमरी ‘क्लोज्ड’ असते. मतदार यादीत तुमच्या नावापुढे ज्या पक्षाची नोंद, त्याच पक्षाच्या प्रायमरीत तुम्हाला मत देता येतं. पक्षाची नोंदच नसेल तर उमेदवार निवडण्यात तुमचा काही सहभाग नाही. असे बिनपक्षाचे मतदार या राज्यात दहा लाखांहून जास्त आहेत. त्यांतली मी एक. नागरिकत्व मिळाल्यावर नोंदणीचा फॉर्म भरताना मी विचारपूर्वक तो रकाना रिकामा ठेवला. मला दोन्ही पक्षांचं काही पटतं आणि बरंच पटत नाही. माझ्या टॅक्समधून मतदान केंद्रं चालतात, यंत्रं येतात, तिथे दिवसभर बसणाऱ्यांना मानधन मिळतं. मला आत जायला मात्र मनाई.

भारतातल्या मित्रमैत्रिणींसाठी थोडं सांगते. आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात आणि एबी फॉर्म कोणाच्या हातात पडणार याची लोक शेवटच्या दिवसापर्यंत वाट बघत बसतात. अमेरिकेतही एकेकाळी तिकिटं बंद दाराआडच वाटली जात. रॉबर्ट ला फॉलेट या गव्हर्नरने विस्कॉन्सिनमध्ये त्याविरुद्ध वर्षानुवर्षं झगडून 1903 मध्ये राज्यभरासाठी प्रायमरीचा कायदा करून घेतला. तिकीट मतदारांनी द्यायचं, हा त्यामागचा विचार. पण ‘मतदार’ म्हणजे नेमके कोण, यावर तेव्हापासून आजपर्यंत भांडण चालू आहे.

त्या भांडणातलं सगळ्यात काळं प्रकरण टेक्ससचं आहे, आणि प्रायमरी ओपन (सगळ्यांना खुली) असावी की क्लोज्ड या वादात पडणाऱ्या प्रत्येकाने ते माहीत करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात तिथे डेमोक्रॅटिक पक्षाशिवाय दुसरं कोणी क्वचितच निवडून येत असे. 1923 मध्ये राज्याने कायदा केला की काळ्या लोकांनी या पक्षाच्या प्रायमरीत मत द्यायचं नाही. एल पासोचे डॉक्टर लॉरेन्स निक्सन कोर्टात गेले आणि 1927 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायदा रद्द केला. मग राज्याने युक्ती केली. आम्ही काही म्हणत नाही, सदस्य कोण हे पक्षाची कार्यकारिणी ठरवेल! निक्सन पुन्हा गेले, 1932 मध्ये पुन्हा जिंकले. मग पक्षाच्या अधिवेशनाने स्वतःच ठराव केला की सभासद फक्त गोरे. 1935 मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने हे मान्य केलं. कारण काय, तर पक्ष ही खाजगी संस्था आहे, तिने कोणाला आत घ्यावं हा तिचा प्रश्न.

नऊ वर्षं तो निकाल टिकला. 1944 मध्ये ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ यांच्या खटल्यात तो उलटला. वकिलांमध्ये थर्गुड मार्शल होते, जे पुढे त्याच कोर्टाचे पहिले काळे न्यायाधीश झाले. राज्याने आखून दिलेल्या यंत्रणेतून जेव्हा अधिकारपदाचा उमेदवार निवडला जातो, तेव्हा ती निवड पक्षाची घरगुती बाब राहत नाही, असं कोर्टाने 8 विरुद्ध 1 मतांनी ठरवलं. तरीही ह्यूस्टनशेजारच्या फोर्ट बेंड काउंटीत ‘जेबर्ड असोसिएशन’ नावाची गोऱ्यांची मंडळी प्रायमरीच्याही आधी आपलं वेगळं मतदान घेत राहिली. तिथे जो जिंकेल तोच पुढे सगळीकडे जिंकायचा. तेही 1953 मध्ये कोर्टाने बंद केलं. आज त्याच काउंटीतल्या शुगर लँडमध्ये मराठी घरं आहेत. त्यांच्या मुलांना ही गोष्ट कोणी सांगतं का, मला खरंच जाणून घ्यायचंय.

आजच्या क्लोज्ड प्रायमरीला मी वंशभेद म्हणत नाही. तसं म्हणणं त्या लोकांनी जे भोगलं त्याचा अपमान होईल. इथे पक्षात नाव घालायला कोणालाच बंदी नाही. पण ‘पक्ष खाजगी आहे, तेव्हा नियम आमचे’ हा युक्तिवाद किती सहजपणे कुठवर नेता येतो, ते टेक्ससने दाखवून दिलं आहे. आणि 2025 मध्ये त्याच राज्यातला रिपब्लिकन पक्ष, आता सत्तेवर असलेला, आपली प्रायमरी फक्त आपल्या लोकांपुरती ठेवता यावी म्हणून फेडरल कोर्टात गेला.

पक्षाच्या बाजूनेही एक खरा मुद्दा आहे आणि तो मला मान्य आहे. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 1996 मध्ये अशी पद्धत आणली की कोणीही मतदार एका पदासाठी या पक्षाच्या आणि दुसऱ्या पदासाठी त्या पक्षाच्या उमेदवाराला प्रायमरीत मत देऊ शकेल. पक्ष कोर्टात गेले आणि 2000 मध्ये सुप्रीम कोर्टाने 7 विरुद्ध 2 मतांनी ती रद्द केली. विरोधी पक्षाच्या लोकांनी आपला उमेदवार ठरवावा, अशी सक्ती पक्षावर करता येत नाही. बरोबरच आहे. पण बिनपक्षाचा मतदार विरोधक नसतो. उलट 1986 मध्ये कनेक्टिकटच्या रिपब्लिकन पक्षालाच बिनपक्षाचे मतदार आपल्या प्रायमरीत हवे होते आणि राज्याचा कायदा आड येत होता. तिथे कोर्टाने पक्षाची बाजू घेतली.

म्हणून माझी मागणी साधी आहे. सरकारी खर्चाने प्रायमरी घ्यायची असेल तर बिनपक्षाच्या मतदाराला त्या दिवशी कुठल्याही एका पक्षाची मतपत्रिका निवडू द्या. ज्या पक्षाला फक्त आपलेच लोक हवे आहेत, त्याने स्वतःच्या पैशाने अधिवेशन भरवावं आणि उमेदवार ठरवावा. व्हर्जिनियात रिपब्लिकन पक्षाने 2021 मध्ये असंच केलं. त्यातून पुढे आलेले ग्लेन यंगकिन गव्हर्नरही झाले.

यावर नेहमी म्हणतात की दार उघडलं तर समोरचे लोक मुद्दाम कमकुवत उमेदवार निवडून देतील. 2008 मध्ये उजव्या विचारांचे भाष्यकार रश लिंबॉ यांनी रेडिओवरून रिपब्लिकन श्रोत्यांना डेमोक्रॅटिक प्रायमरीत हिलरी क्लिंटनना मत द्यायला सांगितलं होतं. तरी उमेदवारी ओबामांनाच मिळाली. मला 2014 चं मिसिसिपी जास्त बोलकं वाटतं. रिपब्लिकन सिनेटर थॅड कॉक्रन प्रायमरीत पक्षातल्याच कडव्या गटाकडून हरायला आले होते. दुसऱ्या फेरीत काळ्या डेमोक्रॅट मतदारांनी येऊन त्यांना तारलं. त्या लोकांना ठाऊक होतं की त्यांच्या राज्याचा सिनेटर याच दिवशी ठरणार आहे. याला घातपात कसं म्हणायचं?

ओपन प्रायमरीने सगळं सुटतं असंही नाही. मिशिगनमध्ये पक्षनोंदणीच नसते. मतदार गुप्तपणे एका पक्षाचा रकाना निवडतो आणि त्यातच मतं देतो. आपल्या बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार 2022 मध्ये डेट्रॉइटच्या जागेवर नऊ उमेदवारांमधून साधारण 28 टक्के मतांवर डेमोक्रॅटिक प्रायमरी जिंकले आणि काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, गेले. मराठी माणूस तिथे पोचला याचा मला आनंद आहे. पण ऑगस्टमधल्या 28 टक्क्यांवर जागा ठरणं मला पटत नाही, उमेदवार कोणीही असो. फरक इतकाच की तिथल्या प्रत्येक मतदाराला त्या दिवशी आत जाता येत होतं.

मग नियम बदलायचा कोणी? मला खरी चीड इथे येते. कॅलिफोर्नियाने 2010 मध्ये आणि अलास्काने 2020 मध्ये जनमताने आपली पद्धत बदलून सगळ्या मतदारांसाठी एकच प्रायमरी आणली. 2024 मध्ये कोलोरॅडो, आयडाहो, नेवाडा, मोंटाना, साउथ डकोटा, अॅरिझोना या सहा राज्यांत असेच प्रस्ताव आले आणि सगळे पडले. मला वाईट वाटलं, पण निदान लोकांना विचारलं तरी. पेनसिल्व्हेनियात सह्या गोळा करून प्रश्न मतदानाला आणण्याची सोयच नाही. कायदा बदलायचा तर विधिमंडळानेच, म्हणजे याच क्लोज्ड प्रायमरीतून निवडून आलेल्यांनी. 2019 मध्ये राज्याच्या सिनेटने बिनपक्षाच्या मतदारांना आत घेणारं बिल मोठ्या बहुमताने मंजूर केलं होतं. विधिमंडळाच्या दुसऱ्या सभागृहात, म्हणजे हाउसमध्ये, ते अडकलं ते अडकलंच.

मी माझ्या भागाच्या प्रतिनिधीला पत्र पाठवलं आहे. त्यात एवढंच विचारलं आहे: तुम्ही या बाबतीत हो म्हणणार की नाही, आणि नाही म्हणणार असाल तर माझ्या टॅक्सच्या पैशाचं काय? उत्तर आलं की इथेच टाकेन. इथल्या ज्या मराठी मंडळींनी नोंदणीत पक्ष लिहिलेला नाही, त्यांनीही आपापल्या प्रतिनिधीला लिहा. आणि येत्या प्रायमरीत मत द्यायचंच असेल तर मतदानाच्या 15 दिवस आधीपर्यंत नोंदणीत पक्ष घालता येतो, नंतर पुन्हा काढताही येतो. मी मात्र माझा रकाना रिकामाच ठेवणार आहे.