तिसरा प्रवासी

कोथरूडहून हिंजवडीला नोकरीसाठी जाणाऱ्या माझ्या भाचीच्या सोसायटीत गेले काही महिने एक वाद चालू आहे. सकाळी एकाच दिशेने निघणाऱ्या बहुतेक गाड्यांत चालकाखेरीज कोणी नसते, तेव्हा चौघांनी मिळून एकच गाडी न्यावी, असे एका रहिवाशाने सुचवले. पेट्रोलचे पैसे वाटून घेतले तर ते भाडे ठरेल का, अपघात झाल्यास विमा कंपनी हात झटकेल का, अनोळखी माणसाच्या गाडीत मुलींनी बसावे का, असे प्रश्न त्यावर निघाले आणि विषय तिथेच थांबला. भाची मला म्हणाली, "मामा, तुमच्याकडे लोकांना सांगितलेले पटते, आपल्याकडे नाही." तिचे हे निदान मला मान्य नाही.

मी सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडे बर्कलीत राहतो. जवळपास दहा वर्षे मी नॉर्थ बर्कलीच्या बार्ट (तिथली लोकल रेल्वे) स्थानकाबाहेर रांगेत उभा राहून, समोर येईल त्या अनोळखी गाडीत बसून खाडीवरचा बे ब्रिज ओलांडत सॅन फ्रान्सिस्को शहरात जात असे. 'कॅज्युअल कारपूल' नावाची ही रीत 1970च्या दशकात लोकांनीच पाडली. ती कोणत्या सरकारी खात्याने चालवली नाही. रांगेतले पहिले दोघे गाडीत बसत, चालक धरून तिघे होत, आणि तिघांच्या गाडीला टोलनाक्यावर राखीव मार्गिका मिळून तुंबलेली वाहतूक मागे पडे. शहरात फ्रीमाँट आणि हॉवर्ड रस्त्यांच्या आसपास सगळे उतरत. चालकाने विषय काढल्याशिवाय बोलायचे नाही, फोनवर गप्पा मारायच्या नाहीत, आणि रांगेत एखादी स्त्री एकटी मागे राहील अशा रीतीने निघून जायचे नाही, हे नियम कुठे लावलेले नव्हते, पण सर्वांना ठाऊक होते. त्यांतला शेवटचा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण सुरक्षिततेची जबाबदारी त्याने एकट्या स्त्रीवर न टाकता सगळ्या रांगेवर टाकली होती.

पण ही रांग कोणाच्या आवाहनाने लागली नव्हती. तिसऱ्या प्रवाशामुळे वेळ वाचत होता आणि 2010च्या जुलैपर्यंत टोलही पूर्ण माफ होता. त्या महिन्यापासून कारपूलच्या गाडीला अडीच डॉलर पडू लागले, आणि इतरांना गर्दीच्या वेळी सहा डॉलर पडत असूनही राखीव मार्गिकेतल्या गाड्या घटल्या. परतीच्या प्रवासात तर टोल नसतोच, कारण तो फक्त शहराकडे जाताना घेतला जातो; त्यामुळे संध्याकाळच्या रांगा तुरळक असत आणि बहुतेकजण बसने किंवा बार्टने घरी जात. मीही तसाच जात असे. संध्याकाळी बस मिळणार ही खात्री होती, म्हणूनच सकाळी स्वतःची गाडी घरी ठेवण्याचे धाडस होत होते. 2020च्या मार्चमध्ये साथीने ही रांग मोडली. तिचे कौतुक करताना एक गोष्ट सांगितलीच पाहिजे: रांगेतले बरेचसे प्रवासी एरवी बसने किंवा बार्टनेच गेले असते, त्यामुळे रस्त्यावरच्या गाड्या वाटतात तितक्या कमी झाल्या नव्हत्या.

अनोळखी माणसाला खेटून बसणे महाराष्ट्राला नवे नाही. कोल्हापूर-साताऱ्याकडचे वडाप आणि मुंबईत स्थानकाबाहेर मिळणारी शेअर रिक्षा यांत कोणी कोणाची ओळख विचारत नाही. तेव्हा आपल्या माणसांचा स्वभाव आड येतो, हे म्हणणे टिकत नाही. आड येतो तो कायद्याचा धूसरपणा आणि फायद्याचा अभाव. केंद्र सरकारच्या 2020च्या मार्गदर्शक सूचनांनी अ‍ॅपद्वारे खासगी गाडीतून शहरांतर्गत दिवसाला चार फेऱ्यांपर्यंत सहप्रवासी घेण्यास वाव दिला, पण अंतिम निर्णय राज्यांवर सोडला. हा खर्च न करता खासगी गाड्या आपले प्रवासी नेतील, हा परवाना, बॅज आणि व्यावसायिक विम्याचा खर्च सोसणाऱ्या रिक्षाचालकाचा आक्षेप मला रास्त वाटतो. सिंगापूरने त्यावर साधी रेघ आखली आहे: दिवसाला दोनच फेऱ्या, आणि घ्यायचा तो प्रवासाचा खर्च, नफा नाही. अशी रेघ आपल्याकडे स्पष्ट शब्दांत आखली गेली, तर सोसायटीतल्या माणसाला वकिलाकडे जावे लागणार नाही.

फायद्याची बाजू अधिक अवघड आहे. चौघांची गाडी आणि एकट्याची गाडी हिंजवडीच्या कोंडीत सारखीच अडकते. राखीव मार्गिका पुण्याला माहीत नाही असे नाही. 2006मध्ये बीआरटीच्या, म्हणजे बससाठी वेगळ्या मार्गिकेच्या योजनेच्या, निमित्ताने ती आली, पण तिचे पावित्र्य राखले गेले नाही. आज तिथे पहिला हक्क बसचाच असला पाहिजे, असे मला वाटते. कारपूलसाठी कंपन्यांच्या आवारातल्या पार्किंगपासून सुरुवात करता येईल: दाराजवळच्या जागा तिघा-चौघांना घेऊन येणाऱ्या गाड्यांना द्याव्यात. आणि रात्री उशीर झाला तर घरी पोहोचवणारी बस हवीच, कारण परतीची काळजी असलेला माणूस सकाळी स्वतःची गाडी काढणारच.

कायदा स्पष्ट होईपर्यंत भाचीने काय करावे, यावर आम्ही बराच वेळ बोललो. ओळखीच्या चौघींनी पैसे न घेता आळीपाळीने गाडी काढावी, सोमवारी एकीने, मंगळवारी दुसरीने, म्हणजे भाड्याचा प्रश्नच उद्भवत नाही, असे मी सुचवले. तिघी तयार झाल्या आहेत. चौथीची कामाची पाळी रात्री दहाला संपते, आणि तिच्या परतीचे अजून ठरलेले नाही.