पॅनहार्ड रॉड काढायला सांगणाऱ्यांनी आधी स्वतःचाच फोटो नीट बघावा

रेसिंगच्या ग्रुपांवर मागच्या सस्पेन्शनबद्दल एक मेसेज फिरतोय. दोनदा आला, दोनदा सोडून दिला. तिसऱ्यांदा तो भाच्याच्या फोनवर दिसला, तोवर हिंगण्याच्या शेडमध्ये त्याच्या जिप्सीचा पॅनहार्ड रॉड (मागच्या एक्सलला चेसिसशी आडवा जोडणारा दांडा) खोलून जमिनीवर पडला होता. "मामा, वजन कमी करून राहिलो," म्हणे. आता गप्प बसणं शक्य नाही.

मेसेज म्हणतो: सॉलिड एक्सलला (दोन्ही मागची चाकं एकत्र जोडणारा एकसंध आस) कमानपाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) म्हणजे भंगार. चार लिंक (एक्सल चेसिसला जोडणारे दांडे) लावल्या की पॅनहार्ड रॉड नको, तो एक्सल एका बाजूला ओढतो. स्प्रिंग जितकी कडक तितकी पकड जास्त. आणि डिफरन्शियल (वळणात दोन्ही चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) वेल्ड करा.

रॉडचं आधी, कारण तो जिवाशी खेळ आहे. लिंक एक्सलला पुढेमागे सरकू देत नाहीत, एक्सलच्या हाउसिंगला, म्हणजे बाहेरच्या खोळीला, फिरू देत नाहीत. आडवं धरायला कोण? भाच्याने बसवलेल्या चारही लिंक गाडीच्या लांबीला समांतर. मी मागच्या फेंडरला खांदा लावून रेटलं, तर रबरी बुशांवर बॉडी सरकली आणि टायर व आतल्या पत्र्यामधली बोटभर जागा संपली. गाडी उभी, रेटणारा एक माणूस. भाचा बघतच राहिला.

मेसेजसोबतच्या फोटोत रॉड नाही, हे खरं. पण त्यातल्या वरच्या दोन लिंक तिरप्या होऊन एक्सलच्या मध्याकडे जातात. तो तिरपेपणाच आडवं धरतो. तशी मांडणी असेल तर रॉड खरंच लागत नाही, एवढं मान्य. समांतर लिंकवाल्याला तोच सल्ला देणं हा गुन्हा आहे.

रॉड एक्सलला बाजूला ओढतो, हेही खरं. किती ओढतो ते मी फरशीवर खिळा, दोरी आणि खडू घेऊन काढून दाखवलं. ९०० मिलिमीटरचा रॉड, उभ्या गाडीत आडवा, चाक ५० मिलिमीटर वर गेलं: सरक जेमतेम १.४ मिलिमीटर. रॉड लांब ठेवा, आडवा ठेवा, विषय संपला. अमेरिकेत नॅसकार रेसिंगच्या कप गाड्या २०२१ पर्यंत सॉलिड एक्सल आणि पॅनहार्ड रॉडवरच धावल्या, ताशी ३०० किलोमीटरच्या वर. पिट स्टॉपमध्ये पाना लावून त्याच रॉडची उंची बदलायचे. फेकायची वस्तू असती तर त्यांनी आपल्या आधी फेकली असती.

कमानपाटे जड असतात आणि जोरात ॲक्सिलरेटर दिला की पिळतात. पण एक्सलला पुढेमागे आणि आडवं दोन्हीकडून तेच धरतात, म्हणून कमी पैशात सुरुवात करणाऱ्याने पाटे ठेवून ट्रॅक्शन बार (पाट्यांना पिळू न देणारा दांडा) लावावा. कडक स्प्रिंगने खडबडीत ट्रॅकवर चाक उड्या मारतं. हवेतल्या टायरला कसली पकड! वेल्ड केलेलं डिफरन्शियल मातीवर चालून जातं, डांबरावर तीव्र वळणात गाडी वळायच्या ऐवजी नाकाने सरळ पळते आणि एक्सल शाफ्ट मार खातात.

रॉड परत बसवलाय. चेसिसकडच्या ब्रॅकेटला २० मिलिमीटरवर एक अशी तीन भोकं पाडली. रॉड वर नेला की वळणात मागची बाजू लवकर सुटते, खाली आणला की चिकटून राहते. भाचा रविवारी खालच्या भोकापासून सुरुवात करणार आहे.