मालकाचं उत्तर : ‘जुना टोस्टर माथी मारला’

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. चार दिवस तुमचा फोन कुणी उचलला नाही, ही चूक आमचीच. त्याबद्दल माफी मागतो.

पण ‘ब्रेड कधी कच्चा, कधी कोळसा, बिघडलेला माल माथी मारला’ हे मात्र मनाला लागलं. तुम्ही नेलात तो सनबीम कंपनीचा टी-२० टोस्टर, १९४९ साली बाजारात आलेलं मॉडेल. त्याला खाली दाबायचा खटका नसतोच. ब्रेड ठेवला की वजनाने आतला स्विच लागतो, एलिमेंटची तार तापून किंचित लांबते आणि तेवढ्या लांबण्यावर ब्रेड सावकाश खाली उतरतो. किती भाजायचं हे त्यात घड्याळ ठरवत नाही. ब्रेडच्या पृष्ठभागाच्या उष्णतेने वाकणारी धातूची पट्टी ठरवते, आणि ती पट्टी एकाच खाचेत असते. म्हणून एकच स्लाइस भाजायची असेल तर ती खूण केलेल्या खाचेतच टाकायची. दुसरीत टाकली तर पट्टीपुढे ब्रेडच नाही, मग ती ठरवणार काय? हे तुम्हाला मी दोनदा करून दाखवलं. शिवाय ‘एक स्लाइस इकडे’ अशी चिठ्ठी चिकटवून दिली. टोस्टर परत आला तेव्हा चिठ्ठी तशीच होती, फक्त कडेने तपकिरी झालेली.

राग मानू नका, पण उघडल्यावर तळाशी लोण्याचा थर निघाला आणि अभ्रकाच्या पत्र्यावर सुरीचे ओरखडे. लोणी भाजल्यावर लावायचं असतं. आणि प्लग न काढता आत सुरी घालणं जिवावर बेतू शकतं, टोस्टर जुना असो की नवा.

‘नवाच घ्यायला हवा होता’ म्हणालात. असेल. नवा वाईट नसतो, माझ्याही घरी नवाच आहे. त्यात खटका विद्युतचुंबक धरून ठेवतो आणि वेळ भरली की सोडतो. एक स्लाइस कुठेही टाका. पण आतला सर्किट बोर्ड गेला की बहुतेक लोक अख्खा टोस्टर फेकून देतात. तुमचा हा जुना उघडतो, दुरुस्त होतो. त्याची कापडी वेष्टनाची जुनी वायर मी स्वतः बदलली होती, ते रिव्ह्यूत कुठे आलं नाही.

असो. फोनचं काहीतरी करतोच आहोत, वापराच्या सूचनाही पुढे नीट छापून देऊ. तुमचा टोस्टर तयार आहे, अभ्रकाचे पैसे लावलेले नाहीत. चिठ्ठी नवी चिकटवली आहे, या वेळी मोठ्या अक्षरात.