वॉशिंग्टन कराराबद्दल फिरणाऱ्या मेसेजचा खुलासा

'भारत वॉशिंग्टन करारात आहे, त्यामुळे पुण्याची इलेक्ट्रिकलची डिग्री ऑस्ट्रेलिया, कॅनडात थेट चालते' असा मेसेज सध्या फिरतोय. अर्धाच खरा आहे. हा करार म्हणजे इंजिनीअरिंगच्या डिग्र्यांना एकमेकांकडे मान्यता देण्याबाबतचा, वेगवेगळ्या देशांच्या मानांकन संस्थांमधला समझोता.

भारत 2014 मध्ये या कराराचा पूर्ण सदस्य झाला, हे बरोबर. पण मान्यता देशातल्या सरसकट सगळ्या डिग्र्यांना नाही. एनबीएचं (अभ्यासक्रमांचा दर्जा तपासणारं राष्ट्रीय मंडळ) 'टियर-1' मानांकन असलेल्या अभ्यासक्रमांनाच ती मिळते, आणि टियर-1 स्वायत्त संस्था व विद्यापीठांसाठी असतं. पुणे विद्यापीठाशी संलग्न, स्वायत्त नसलेली कॉलेजं टियर-2 मध्ये येतात. ती करारात बसत नाहीत. शिवाय मानांकन शाखेला मिळतं, अख्ख्या कॉलेजला नव्हे. कॉम्प्युटरला आहे म्हणून इलेक्ट्रिकलला असेलच असं नाही. कॉलेजच्या माहितीपत्रकात हा फरक बहुधा गुलदस्त्यातच राहतो! एनबीएच्या यादीत शाखा आणि मुदत दोन्ही पाहा. तुम्ही पास झालात ते वर्ष त्या मुदतीत बसायला हवं.

टियर-1 असलं तरी इंजिनीअर म्हणून काम करण्याचा परवाना आपोआप मिळत नाही. कॅनडात 'पी.इंज.' हा परवाना प्रांताची संस्था देते, तेही अनुभव तपासून. जर्मनी तर या करारात नाहीच. तिथे डिग्रीसाठी 'अनाबिन' ही परदेशी डिग्र्या आणि संस्थांची यादी बघतात.