खेळली तर चालू, नाही खेळला तर सिंपथी, मग जिंकायचं तरी कोणी?

काल ताईकडं जेवायला गेले होते सिडकोत. गरम भाकरी, पिठलं, वर तेल सोडलेला ठेचा, सगळं झकास, अन् दाजीनी जेवता जेवता मोबाईलवर बिग बॉस मराठी ह्या रिॲलिटी शोचं जुनं रील लावलं, सीझन 5 चं. झालं मग. 6 ऑक्टोबर 2024 ला फिनाले झाला तो सीझन, पण आमच्या घरात तो अजून संपायलाच तयार नाही.

पहिलं वाक्य काय, तर "असल्या पोरीमुळं आपल्या संभाजीनगरचं नाव खराब होतं." त्या सीझनमधल्या स्पर्धक निक्की तांबोळीबद्दल. अन् तिच्यासोबत खेळलेला अरबाज पटेल कुठला आहे दाजी? तो पण संभाजीनगरचाच ना? दोघं एकाच ग्रुपात, टास्कमधी ताकद लावण्यात तो सगळ्यात पुढं, पण त्याच्यामुळं गावाचं नाव काही खराब होत नाही, तो "खेळाडू पोरगा", अन् ही "चालू". माझं डोकंच फिरलं.

वर्षा उसगावकरांशी निक्की जसं बोलली ते चूकच होतं, मी तवापण म्हणले होते, आजपण म्हणते, अन् शोचा होस्ट रितेश देशमुखनी भाऊच्या धक्क्यावर, म्हणजे शनिवार-रविवारच्या त्याच्या एपिसोडमधी, तिला झापलं ते बरोबरच केलं. पण उद्धट बोलणं वेगळं अन् गेम खेळणं वेगळं, एवढं तरी कळायला पाहिजे की नाही? स्वतःच्याच ग्रुपातले मागून काय बोलतात हे कळल्यावर ती त्या ग्रुपातून सरळ बाहेर पडली, जोडीच्या टास्कमधी अभिजीत सावंतसोबत बांधली गेली तर समोरच्या बाजूच्या माणसाशी जमवून घेतलं, अन् तिसऱ्या नंबरपर्यंत पोचली. ह्याला स्ट्रॅटेजी म्हणतात. 2018 ला पहिल्या सीझनमधी मेघा धाडे पहिल्या दिवसापासून उघड उघड गेम खेळली अन् ट्रॉफी घेऊन गेली, म्हणजे खेळणाऱ्या बाईला महाराष्ट्रानं निवडून दिलंय आधीच, हे काय नवीन नाही.

बरं, मी म्हणलं ठीकंय, तुम्हाला गेम खेळणारे आवडत नाहीत, मग सूरज चव्हाण जिंकला ह्याचा तर आनंद असंल? तर नाही! "त्यो काय खेळला? नुसती सिंपथी." घ्या आता! जिला खेळता येतं ती वाईट, अन् जो सरळ राहिला, कोणाच्या मागं कट केला नाही, टास्क आला की जीव लावून पळाला, त्याला गरिबीची मतं. अहो लिहायवाचायची अडचण असलेला पोरगा 70 दिवस त्या शिकल्या सवरल्या लोकांत राहिला, नॉमिनेशनमधी, म्हणजे घराबाहेर जाणाऱ्यांच्या यादीत, येऊन परत परत वाचला, कारण घरातले फक्त नॉमिनेट करतात, वाचवायचं पब्लिकच्या हातात असतं. पब्लिकला जवळचं वाटणं हा पण गेमच आहे, अन् सगळ्यात अवघड आहे.

मग अभिजीत. "सेफ गेम खेळला म्हणून दुसरा आला." जान्हवी किल्लेकर? "लालची, 9 लाख घेऊन पळाली." इथं मात्र माझ्या हातातला घासच खाली आला. शेवटच्या सहात पोचल्यावर तिला दिसत होतं की आपण जिंकत नाही, जिंकणाऱ्याला 14 लाख 60 हजार अन् तेही एकालाच, समोर 9 लाखाची बॅग ठेवलेली, ती उचलली अन् गेम सोडला. अख्ख्या सीझनमधला सगळ्यात हुशार निर्णय आहे तो! दाजी तुम्ही स्वतः मोंढ्यात सोयाबीनचा भाव पडायच्या आधी विकून आले की चार लोकांत सांगत फिरता ना, मग तिनं केलं की लालच कशी काय झाली?

म्हणजे पहिल्या तीनमधले तिघंही बाद, बॅग घेणारी पण बाद. कोणी राहिलंच नाही. अन् हे सगळं कशावरून, तर तीस तीस सेकंदाच्या रीलवरून. रोज रात्री 9 ला मी अन् आई बसायचो कलर्स मराठीसमोर, लाईट गेली तर मोबाईलवर बघायचो, कॅप्टन्सी टास्क कसा पलटला, कोणी कोणाचं नाव घेतलं, सगळं बघितलंय, अन् ज्या माणसानं सलग दोन एपिसोड बघितले नाहीत तो मला म्हणायलाय, "तुला गेम कळत नाही." सगळ्यांसमोर. भाच्यासमोर.

मी विचारलं, दाजी तुम्ही व्होट कोणाला केलं होतं? तर म्हणे असल्या फालतू कामाला मी व्होट करत नसतो. फालतू आहे तर दीड वर्ष झालं माझं डोकं कशाला खायलाव मग? आई मधी पडली, "जाऊ दे माय, जेव." पण नाही गेलं माझ्याच्यानं, ताट तसंच ठेवून उठले.

ताई दुपारपासून फोन करायलीय. उचलला नाही. दाजीनी आधी जान्हवीचं म्हणणं मागं घ्यावं, मग बोलते.